मुक्त सॉफ्टवेअर : मालकी सर्वांची, कारभार कोणाचा ?

हल्लीं शेतकऱ्याचा आणि संगणकाचा संबंध चावडीपासून सोसायटीपर्यंत सर्वत्र येऊं लागला आहे. सातबाऱ्याचा उतारा संगणकावर निघतो. पिकांची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करण्याची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्व महाराष्ट्रांत सुरू झाली. आणि २९ जून २०२२ रोजीं केंद्र सरकारनें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचें दप्तर संगणकावर नेण्याची योजना मंजूर करून तिच्यासाठीं २,५१६ कोटी रुपयांचा खर्च धरला. या पतसंस्था म्हणजेच आपल्या गांवोगांवच्या विविध कार्यकारी सोसायट्या. सभासदाचे भाग, त्याचें कर्ज, व्याजाची आकारणी, वसूल आणि थकबाकी हीं सर्व यापुढें किर्द-खतावणीच्या वहींत न राहतां सॉफ्टवेअरच्या पोटांत राहणार, असा याचा अर्थ आहे.

वही सोसायटीची होती. ती कपाटांत होती आणि कपाटाची किल्ली सचिवाजवळ होती. सॉफ्टवेअर कोणाचें आणि त्याची किल्ली कोणाजवळ, हा प्रश्न मात्र सभेंत सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका सोसायटीनें कांहीं वर्षांपूर्वीं एका खासगी विक्रेत्याकडून हिशेबाचें सॉफ्टवेअर घेतलें. पुढें त्या विक्रेत्यानें धंदा गुंडाळला. सॉफ्टवेअर बिघडलें तेव्हां तें दुरुस्त करणारा कोणी राहिला नाहीं, आणि दुसऱ्या कारागिरास तें उघडून पाहण्याची सोय नव्हती. तीन वर्षांची खतावणी छापील कागदांवरून पुन्हां हातानें उतरून काढावी लागली. आणि त्या अवधींत बेबाकीचे दाखले वेळेवर न निघाल्यामुळें कित्येक सभासदांस पेरणी होऊन गेल्यावर पीककर्ज मिळालें.

अशा अडचणीवर ‘मुक्त सॉफ्टवेअर घ्या’ असा उपाय पुष्कळ जाणते लोक सुचवितात. तो उपाय चांगला आहे, परंतु अपुरा आहे. तो कां अपुरा आहे आणि पुरा कसा करावयाचा, हें आमच्या शेतकरी सभासदांस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय

संगणकास स्वतःची अक्कल नसते. कोणतें काम कोणत्या क्रमानें करावयाचें हें माणसानें त्यास लिहून द्यावें लागतें. या लिखाणास मूळ आज्ञावली म्हणतात. आणि तिच्यापासून तयार झालेली, संगणकावर प्रत्यक्ष चालणारी जी वस्तु, तिला आपण सॉफ्टवेअर म्हणतों. बंद सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली मालक कंपनी स्वतःजवळ ठेविते आणि गिऱ्हाइकास केवळ वापरण्याची परवानगी देते. मुक्त सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली सर्वांस खुली असते. तिच्यासोबत जो परवाना असतो त्यानें ती वापरण्याचा, तपासून पाहण्याचा, तींत बदल करण्याचा, आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्यास देण्याचा, असे चार हक्क प्रत्येकास मिळतात.

आपल्या जिल्ह्यांतील रब्बी ज्वारीचें उदाहरण घ्या. मोहोळ येथें निवड करून काढलेल्या मालदांडी ३५-१ या वाणाचें बीं शेतकरी आपल्याच खळ्यांतून राखून ठेवितो, शेजाऱ्यास देतो, आणि चांगलीं कणसें निवडून तें सुधारूंही शकतो. संकरित वाणाचें बीं मात्र दरवर्षीं विकत घ्यावें लागतें, कारण घरीं राखलेल्या बियाण्यापासून पीक पुन्हां तसेंच येत नाहीं. मुक्त सॉफ्टवेअर हें मालदांडीसारखें आणि बंद सॉफ्टवेअर हें संकरित बियाण्यासारखें, इतकी तुलना बरोबर आहे.

परंतु एक फरक लक्षांत ठेवावा. बीं एकदां हातीं आलें म्हणजे पुढचें काम ज्याचें तो करितो. सॉफ्टवेअरचें तसें नाहीं. व्याजाचे नियम बदलतात, सरकारी नमुने बदलतात, नवे मोबाईल येतात, चोरांना नव्या फटी सांपडतात. त्यामुळें सॉफ्टवेअर सतत दुरुस्त करीत राहावें लागतें. आणि जें सॉफ्टवेअर हजारों लोक वापरतात त्यांत कोणाची दुरुस्ती घ्यावी, कोणाची नाकारावी व पुढें कोणती दिशा धरावी, हें कोणीतरी ठरवावें लागतें. म्हणून वापराच्या बाबतींत तें बियाण्यासारखें असलें, तरी कारभाराच्या बाबतींत पाटासारखें आहे. गाळ काढल्याशिवाय पाट वाहत नाहीं, आणि पाळी ठरविल्याशिवाय पाटाचें पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोंचत नाहीं.

फडाचा दाखला

सामाईक वस्तूचा कारभार कसा करावा हें महाराष्ट्रास नवें नाहीं. धुळें व नाशिक या जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत शेंकडों वर्षें चालत आली. नदीवर लहानसा बंधारा, त्यावरून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड. एका फडांत एक पीक. कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें व किती फड भिजवावयाचे, हें त्या वर्षाचें पाणी पाहून सर्व लाभधारकांनीं मिळून ठरवावयाचें. पाणी देण्याचें काम ज्याच्या त्याच्या हातीं न ठेवतां नेमलेल्या पाटकऱ्याकडे सोंपवावयाचें, आणि पाटाच्या दुरुस्तीस सर्वांनीं हातभार लावावयाचा.

यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, नदीचें पाणी सर्वांचें आहे एवढें म्हटल्यानें फड चालत नाहीं. पाणी सर्वांचें, हा हक्क झाला. पाळी कोण ठरवितो, पाटकरी कोण नेमतो आणि गाळ कोण काढतो, हा कारभार झाला. हक्क कागदावर राहून कारभार एकाच मोठ्या बागाईतदाराच्या हातीं गेला, तर पाणी कोणाच्या मळ्यांत जाईल हें सांगावयास ज्योतिषी नको. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना हा हक्काचा कागद आहे. कारभार कोणीं करावा हें त्या कागदांत लिहिलेलें नसतें. गेल्या पंधरा वर्षांत या क्षेत्रांत जे मोठे तंटे झाले ते बहुतेक या एका उणीवेमुळें झाले.

कंपन्या कां येतात

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फावल्या वेळांत काम करणाऱ्या हौशी लोकांची वस्तु, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. लिनक्स नांवाची प्रणाली १९९१ सालीं फिनलंडांतील लायनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें सुरू केली. जगांतील सर्वांत वेगवान अशा पांचशें संगणकांची जी यादी निघते तींतील सर्वच्या सर्व संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात, आणि आपल्या खिशांतल्या अँड्रॉइड मोबाईलच्या मुळाशींही तीच आहे. तिच्यावरील बहुतेक काम आज निरनिराळ्या कंपन्यांचे पगारी नोकर करितात. कंपन्या हें धर्मादाय म्हणून करीत नाहींत. प्रत्येकीनें आपला वेगळा पाट खणण्यापेक्षां एक सामाईक पाट चांगला राखणें सर्वांनाच स्वस्त पडतें, म्हणून करितात.

यांत आपलाही लाभ झाला आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीनें रेखाटलेले ‘लोहित’ नांवाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट या कंपनीनें मुक्त परवान्यानें सर्वांस खुले करून दिले, आणि २०११ सालीं फॉन्टसाठीं अधिक सोयीच्या अशा दुसऱ्या मुक्त परवान्याखालीं आणले. मुक्त प्रणालींवर देवनागरी अक्षर नीट दिसूं लागलें त्यांत या फॉन्टांचा मोठा वांटा आहे. कंपनीचा पैसा आला म्हणून काम बिघडलें, असें येथें कोणास म्हणतां येणार नाहीं.

उलट पैसा न आल्यानें काय होतें तेंही पाहावें. इंटरनेटवरील बँकेचे व्यवहार गुप्त राखण्यासाठीं ‘ओपनएसएसएल’ नांवाचें मुक्त सॉफ्टवेअर जगभर वापरलें जात होतें. त्याची देखभाल मूठभर लोक अल्प देणग्यांवर करीत होते. एप्रिल २०१४ मध्यें त्यांत एक मोठी फट उघडकीस आली. ती दोन वर्षें तशीच राहिली होती. ज्या श्रीमंत कंपन्या त्या सॉफ्टवेअरवर आपला सर्व धंदा चालवीत होत्या, त्यांना तेव्हां जाग आली आणि अशा कामांसाठीं त्यांनीं लिनक्स फाउंडेशन या संस्थेमार्फत सामाईक निधि उभा केला. पाणी सर्वांनीं प्यावें आणि गाळ कोणींच काढूं नये, याचें फळ असें येतें. तेव्हां कंपन्यांना दारांत उभें करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. त्या कोणत्या दारानें आंत येतात व आंत आल्यावर कोठें बसतात, एवढेंच पाहावयाचें आहे. सत्ता शिरण्याचीं दारें मुख्यतः तीन आहेत.

पहिलें दार : हक्काच्या कराराचें

लिनक्समध्यें ज्यानें जेवढें लिहिलें तेवढ्याचा लेखनहक्क त्याच्या किंवा त्याच्या धन्याच्या नांवें राहतो. लिहिणारे हजारों असल्यामुळें परवाना बदलावयाचा तर त्या सर्वांची संमति लागेल. ज्या सामाईक गटांत हजार खातेदार आहेत तो सगळा गट एका खातेदारास परस्पर विकतां येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. सातबाऱ्यावर नांवांची गर्दी झाली म्हणून आपण कुरकुर करितों, परंतु येथें ती गर्दी हीच राखण आहे.

कांहीं कंपन्यांची रीत वेगळी असते. बाहेरच्याचें काम आपल्या सॉफ्टवेअरमध्यें घेण्यापूर्वीं त्या त्याच्याकडून एक करार लिहून घेतात, आणि त्या योगें त्या कामाचा परवाना पुढें इच्छेस येईल तसा बदलण्याचा अधिकार मिळवितात. हॅशिकॉर्प या अमेरिकन कंपनीचें टेराफॉर्म नांवाचें सॉफ्टवेअर अशा रीतीनें वाढलें. ऑगस्ट २०२३ मध्यें कंपनीनें पुढील आवृत्त्यांचा मुक्त परवाना काढून टाकला आणि आपल्याशीं स्पर्धा करणाऱ्या धंद्यास मनाई करणारा नवा परवाना लावला. बाहेरच्या पुष्कळ लोकांचे श्रम त्यांत मिसळलेले होते. परंतु सही होऊन गेलेली असल्यामुळें त्यांस तें अडवितां आलें नाहीं. त्यांच्या हातीं एकच गोष्ट उरली होती. जुनी आवृत्ति मुक्त होती, तिची प्रत घेऊन त्यांनीं ‘ओपनटोफू’ या नांवानें वेगळी चूल मांडली आणि सप्टेंबर २०२३ मध्यें ती लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयास नेली. हॅशिकॉर्प ही कंपनी पुढें २०२५ सालीं आयबीएमच्या मालकीची झाली.

वेगळें निघण्याचा हा हक्क मुक्त परवान्याचें खरें बळ आहे. परंतु वांटणी झाली म्हणजे दोन्ही घरांत भांडीं कमी पडतात, हा अनुभव येथेंही येतो. वेगळें निघण्याची पाळी न येऊं देणें हें कारभाराचें काम आहे.

दुसरें दार : नांवाचें

मुक्त परवान्यानें आज्ञावली नेतां येते. नांव नेतां येत नाहीं. ओपनऑफिस हें पत्रें लिहिण्याचें व कोष्टकें करण्याचें मुक्त सॉफ्टवेअर सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या आश्रयानें वाढलें होतें. जानेवारी २०१० मध्यें ओरॅकल कंपनीनें सन विकत घेतली. नव्या धन्याच्या हातीं या कामाचें काय होईल अशी चिंता त्यावर काम करणारांस वाटूं लागली, आणि २८ सप्टेंबर २०१० रोजीं त्यांतील पुष्कळांनीं डॉक्युमेंट फाउंडेशन नांवाची स्वतंत्र संस्था जाहीर केली. आज्ञावली त्यांनीं सोबत नेली, पण नांव कंपनीचें होतें. म्हणून त्यांस ‘लिबरऑफिस’ असें नवें नांव घ्यावें लागलें. पुढच्याच वर्षीं ओरॅकलनें ओपनऑफिस हें अपाची फाउंडेशन या दुसऱ्या संस्थेस देऊन टाकलें. वर्षानुवर्षें लोकांनीं श्रम करून ज्या नांवास पत मिळवून दिली, तें नांव श्रम करणारांचें नव्हतें, हें त्यांस घर सोडतेवेळीं कळलें. डॉक्युमेंट फाउंडेशननें हा धडा घेतला. तिच्या नियमांप्रमाणें एकाच कंपनीच्या माणसांस संचालक मंडळांत ठराविक हिश्श्याहून अधिक जागा घेतां येत नाहींत.

तिसरें दार : कारभाऱ्यांचें

हें दार सर्वांत सूक्ष्म आहे, कारण त्यांतून कोणीही लबाडी न करतां सत्ता आंत येऊं शकते. पोस्टग्रेस हें माहिती साठविण्याचें फार भरवशाचें मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा कारभार एक लहान मुख्य मंडळ पाहतें. आणि मंडळांतील निम्म्याहून अधिक सभासद एकाच कंपनीच्या नोकरींत असूं नयेत, अशी त्यांची जुनी रूढी आहे. २०२० सालीं एंटरप्राइझडीबी या कंपनीनें सेकंडक्वाड्रंट ही दुसरी कंपनी विकत घेतली. दोहींचे लोक मंडळांत होते. त्यामुळें सौदा होतांच पांचांपैकीं तीन सभासद एकाच धन्याचे झाले. कोणाचा हेतु वाईट होता असें कोणींच म्हटलें नाहीं. तरीही मंडळानें त्याच वर्षीं दोन नवे सभासद घेऊन आपली संख्या सात केली आणि पारडें पुन्हां समतोल केलें.

आमच्या मतें या सर्व क्षेत्रांतील हा सर्वांत अनुकरणीय दाखला आहे. माणसें चांगलीं आहेत म्हणून नियम ढिला करावा, असें त्यांनीं मानलें नाहीं. माणसें चांगलीं असतां नियम पाळला, म्हणजे पुढें तशीं नसतील तेव्हां तो उपयोगीं पडतो.

मुंबईचा दाखला आणि शेतीचा विभाग

आतां घराजवळ येऊं. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीनें ‘ईआरपीनेक्स्ट’ नांवाचें मुक्त सॉफ्टवेअर तयार केलें आहे. हिशेब, मालसाठा, खरेदी-विक्री, कारखान्याचें उत्पादन हीं कामें त्यावर चालतात आणि देशाबाहेरही तें वापरलें जातें. त्याचा परवाना असा आहे कीं, जो कोणी त्यांत बदल करून बदललेली प्रत दुसऱ्यास देईल, त्यानें तीही त्याच परवान्यानें खुली ठेविली पाहिजे. हक्काच्या दृष्टीनें हें फार चांगलें आहे. कारभाराच्या दृष्टीनें मात्र मुख्य दिशा कंपनी ठरविते, आणि नांव व चिन्ह वापरण्याचे नियमही तीच करिते.

या सॉफ्टवेअरमध्यें एक शेतीचा विभाग होता. पीक, पिकाचें वेळापत्रक, मातीची व पाण्याची तपासणी, रोग, खतें अशा नोंदींची सोय त्यांत होती. २०२२ सालीं चौदावी आवृत्ति निघाली तेव्हां मुख्य सॉफ्टवेअर सुटसुटीत करण्यासाठीं शेतीचा विभाग, तसेच शिक्षणाचा व आरोग्याचा विभाग, मुख्य भागांतून काढून वेगळे ठेवण्यांत आले. शेतीचा विभाग नष्ट झाला नाहीं. त्याची मूळ आज्ञावली खुली आहे. कोणीही ती घ्यावी, मुख्य सॉफ्टवेअरास जोडावी आणि पुढें वाढवावी.

यांत कंपनीस दोष देण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. ज्याला दहा विभागांची निगा स्वतःच्या खर्चानें राखावी लागते, तो जास्त वापराच्या विभागांकडे अधिक लक्ष देणार. परंतु शेतकऱ्यानें यांतून एक गोष्ट शिकावी. परवान्यानें त्याचा हक्क पूर्ण राखला. तथापि हक्क राखणें निराळें आणि वहिवाट करणें निराळें. गट आपल्या नांवावर आहे, पण नांगर कोणी घालीत नाहीं, तर त्यांत हराळी माजेल. त्याला सातबारा काय करील? जो विभाग शेतकऱ्यांच्या उपयोगाचा आहे त्याची निगा राखणारा एखादा कारागीर शेतकऱ्यांच्या संस्थांनीं मिळून पदरीं ठेविला, तर त्या विभागाचें पुढें काय करावयाचें हें त्याच ठरवितील. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगांत काम करणाराच्या शब्दास वजन असतें. नुसत्या मागणी-अर्जास नसतें.

लोककारभाराचे दोष

कंपनीचा कारभार वाईट आणि लोकांचा कारभार चांगला, असा सरळ हिशेब मांडूं नये. आपल्याच जिल्ह्यांत माळशिरस तालुक्यांत सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं १९३२ सालीं साखर कारखाना काढला तो कंपनी म्हणून. त्यानंतर १९५० सालीं नगर जिल्ह्यांत प्रवरानगरास जो कारखाना सुरू झाला तो सहकारी. कंपनींत भागांच्या संख्येवर मत असतें. सहकारी संस्थेंत भाग कितीही असले तरी एका सभासदास एकच मत. शेतकऱ्यांनीं दोन्ही मार्ग चालवून पाहिले आहेत, आणि नुसत्या संस्थेच्या जातीवरून तिचा कारभार कळत नाहीं हेंही आपण पाहिलें आहे. सभासद सभेस आले नाहींत, हिशेब कोणीं वाचला नाहीं, तर ‘एक सभासद एक मत’ हा नियम असूनही संस्था चार घरांची होऊन बसते.

सॉफ्टवेअरच्या समाजांतही हेंच होतें. तेथें सभासद कोणास म्हणावें हेंच प्रथम ठरवावें लागतें. वापरणारे लाखों, दुरुस्त करणारे थोडे. सर्वांस मत दिलें तर काम न करणारे काम करणारांस हुकूम सोडूं लागतात. केवळ काम करणारांस मत दिलें, तर ज्या कंपनीस जास्त नोकर ठेवितां येतात तिचीं मतें वाढतात. यावर सर्वत्र चालेल असा एक तोडगा नाहीं. परंतु चांगल्या चाललेल्या संस्थांत तीन गोष्टी सामान्यतः आढळतात. निर्णय कोण घेतो हें आधीं लिहून ठेविलेलें असतें. कोणा एका धन्यास बहुमत मिळणार नाहीं अशी मर्यादा असते. आणि खर्चाचा भार अनेकांवर वांटलेला असतो. फडाची घडी याहून फार निराळी नव्हती.

सोसायटीनें काय विचारावें

आतां हें सर्व आपल्या सोसायटीस लावून पाहूं. सॉफ्टवेअर विकत घ्यावयाचें असो, बँकेकडून येणार असो किंवा सरकारी योजनेंतून मिळणार असो, पुढील सहा प्रश्न सभेच्या इतिवृत्तांत नोंदवून त्यांचीं उत्तरें लेखी घ्यावीं.

पहिला, मूळ आज्ञावली खुली आहे काय व तिचा परवाना कोणता. ‘पाहण्यास खुली’ आणि ‘बदलण्यास व वांटण्यास खुली’ यांत फार अंतर आहे. उत्तर मोघम घेऊं नये.

दुसरा, लेखनहक्क एकाच्या हातीं एकवटला आहे कीं अनेकांत वांटलेला आहे. एकवटलेला असल्यास पुढील आवृत्तीचा परवाना तो एकटा बदलूं शकेल, हें गृहीत धरावें.

तिसरा, नांव कोणाच्या मालकीचें आहे. कंपनीचें असेल तर कंपनी विकली जातांच नांवही जाईल.

चौथा, निर्णय घेणारें मंडळ आहे काय, त्यांत कोण आहेत आणि त्यांना पगार कोण देतो. एकाच धन्याचे लोक बहुसंख्य असल्यास मंडळ आहे म्हणून समाधान मानूं नये.

पांचवा, देखभालीचा खर्च कोठून येतो. एकाच दात्यावर सर्व भार असेल तर दात्याचें मन बदलेल त्या दिवशीं आपलें काम अडेल. फुकट मिळतें म्हणून खर्च नाहीं असें समजूं नये. तो कोणीतरी सोशीत असतो, आणि सोसणारा कधींना कधीं हिशेब मागतो.

सहावा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. सभासदांची सर्व माहिती सर्वसामान्य नमुन्यांत, दुसऱ्या सॉफ्टवेअरास वाचतां येईल अशा रीतीनें, केव्हांही बाहेर काढतां येते काय, आणि तसें करण्यास कोणाची परवानगी लागते. पहिल्या पांच प्रश्नांचीं उत्तरें कितीही चांगलीं आलीं तरी याचें उत्तर ‘नाहीं’ आलें, तर आपली वही दुसऱ्याच्या कपाटांत गेली असें समजावें. याचें उत्तर तोंडी घेऊं नये; वर्षांतून एकदां, हिशेबतपासणीच्या वेळीं, माहिती प्रत्यक्ष बाहेर काढून पाहावी व ती प्रत सोसायटीच्या ताब्यांत ठेवावी.

सरकारी योजनेंतून येणाऱ्या सॉफ्टवेअरविषयीं हे प्रश्न विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे. केंद्र सरकारनें २०१५ सालीं स्वतःच असें धोरण जाहीर केलें आहे कीं, सरकारी कामांत मुक्त सॉफ्टवेअरास प्रथम पसंती द्यावी आणि तें न घेतल्यास त्याचें कारण द्यावें. ज्या गोष्टीचें कारण देण्याचें सरकारनें मान्य केलें आहे, तें कारण मागण्यांत सभासदाकडून कोणती आगळीक होते ?

एकट्या सोसायटीच्या पत्रास मोठ्या कार्यालयांत कोणी फारशी दाद देणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु तालुक्यांतील पन्नास सोसायट्यांनीं एकाच मजकुराचा ठराव केला, तर तो जिल्हा बँकेस वाचावा लागेल. तसेंच प्रत्येक सोसायटीनें थोडी थोडी वर्गणी घालून जिल्ह्यापुरता एक जाणकार नेमिला, आणि आपण वापरतों त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचें काम त्यानें मूळ ठिकाणीं पाठवीत राहावें अशी व्यवस्था केली, तर त्या कारभारांत शेतकऱ्यांचा आवाज पोंचेल. गाळ काढावयास ज्याचा माणूस येतो, त्याला पाळी ठरवितांना विचारावें लागतें.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. वरील सहा प्रश्न विषयपत्रिकेवर घेण्याविषयीं चेअरमनांस आगाऊ पत्र द्यावें, व सभेच्या दिवशीं आपण स्वतः हजर राहावें, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींस विनंति आहे.